मुलीचे वार्षिक परीक्षेचे दोन पेपर बुडाले, आता काय करायचं?

अन्वीची_आई: नमस्कार सगळ्यांना. मुलगी नववीत आहे, परवा रात्री एकदम पोटात दुखायला लागलं, अपेंडिक्स निघालं आणि लगेच ऑपरेशन करावं लागलं, त्या गडबडीत विज्ञान आणि भूगोलाचे पेपर गेले. शाळेत फोन केला तर फक्त बघू म्हणाले. ती बेडवर पडल्या पडल्या सारखी विचारतेय, आई माझं वर्ष जाणार का? फेरपरीक्षा मागू की सरासरीने मार्क द्या म्हणू?

खडू_फळा: ताई, आधी तिला सांगा की गैरहजर म्हणजे नापास नाही. मी २२ वर्षं शिकवतोय, माझा अनुभव सांगतो. फोनवर विसंबून राहू नका, आजच मुख्याध्यापकांच्या नावे लेखी अर्ज द्या. कोणते पेपर, कोणत्या तारखा, अ‍ॅडमिट कधी झाली हे स्पष्ट लिहा, डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा आणि अर्जाच्या कॉपीवर पोच घ्याच. निकाल लागल्यावर आलेल्या अर्जाचं काही करणं आम्हालाही अवघड जातं, कारण तोवर निकालपत्रक तयार होऊन सह्यासुद्धा झालेल्या असतात. आणि गुणपत्रकात शून्य पडलंय की गैरहजर लिहिलंय ते बघा, शून्य म्हणजे पेपर दिला आणि काहीच आलं नाही असा अर्थ होतो, ते पोरीवर अन्याय आहे.

रानवारा: मी दहावीच्या प्रिलिमला १०३ ताप असताना पेपर दिला होता, घरच्यांना वाटलं बुडण्यापेक्षा बरं. अर्ध्या तासात अक्षरं दिसेनात आणि नंतर अर्ज केला तर म्हणाले पेपर दिलाय ना, मग तेच मार्क धरणार. तुम्ही तिला तसं बसवलं नाहीत हे खूप चांगलं केलंत. आणि कधी पेपर चालू असताना त्रास झाला, लाईट गेली, काहीही, तर तिथल्या तिथे सुपरवायझरला सांगून वेळेसकट लिहून घ्यायला लावायचं, घरी येऊन सांगितलेलं कोण मानणार.

निळी_शाई: सरासरीबद्दल लिहिते. २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे दहावीचा भूगोलाचा पेपर झालाच नाही तेव्हा बोर्डाने बाकीच्या विषयांच्या सरासरीने मार्क दिले, पण ते सगळ्यांना सारखंच लागू होतं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये परीक्षा रद्द झाल्या आणि शाळेचे आधीचे निकाल धरून फॉर्म्युल्याने ग्रेड लावल्या, शिक्षकांनी दिलेल्यापैकी जवळपास ४० टक्के ग्रेड खाली आल्या. मुलं रस्त्यावर उतरली, १३ ऑगस्टला निकाल आणि १७ ला माघार, शिक्षकांच्या ग्रेड धरल्या. म्हणून म्हणते, सरासरीत तिची स्वतःची मेहनत कुठे दिसणार? तिला विज्ञान आवडत असेल तर फेरपरीक्षाच मागा, फक्त टाके सुकल्यावरची तारीख मागा, घाईने पुढच्या आठवड्यात नको.

अन्वीची_आई: खूप आभार सगळ्यांचे. विज्ञान तिचा जीव की प्राण आहे, सरासरी म्हटल्यावर रडलीच, तिला स्वतः लिहायचंय. अर्ज लिहिलाय, उद्या तिचे बाबा देऊन पोच घेतील. सर, सर्टिफिकेटवर किती दिवस विश्रांती तेही लिहून घेऊ का?

खडू_फळा: हो, नक्की घ्या, त्यावरच फेरपरीक्षेची तारीख ठरते.