काकांचा आंबा आमच्या घरावर कलला आहे, पावसाआधी काय करता येईल?

नमस्कार मंडळी. आमचं घर मालवण तालुक्यात. आई (वय 74) तिथे एकटी असते, मी डोंबिवलीला. मागच्या गडग्यापलीकडे (दगडी कुंपणापलीकडे) चुलतकाकांच्या जागेत रायवळ आंब्याचं जुनं झाड आहे. ते वर्षावर्षाला आमच्या बाजूला कलतंय आणि त्याची सगळ्यात जाड फांदी बरोबर स्वयंपाकघरावर आली आहे.

मे 2021 च्या तौक्ते वादळात यातलीच एक फांदी पडली. पडवीचे दोन वासे मोडले, नळे (कौलं) फुटले. आई माजघरात होती म्हणून वाचली. तेव्हा काकांनीच माणसं आणून फांदी उचलली, नळेही बसवून दिले, हे मुद्दाम सांगतो. माणूस वाईट नाही. पण तोडायचं नाव काढलं की विषय बंद. "आबांनी लावलेलं झाड आहे, मी कुऱ्हाड लावणार नाही." त्याच कैऱ्यांच्या लोणच्यावर मीही वाढलो, त्यामुळे त्यांचं मन मला कळतं.

शिमग्याला गेलो तेव्हा नीट पाहिलं. खोडाला कमरेच्या उंचीवर ढोली आहे, काठी घातली तर हातभर आत जाते आणि भुसा पडतो. वर बांडगुळं. आणि कलाच्या उलट बाजूला, बुंध्यापासून चारेक फुटांवर, जमिनीला बोट जाईल एवढी चीर पडली आहे. मुळं उचलली जात असणार. ती चीर पाहिल्यापासून मला झोप नाही.

ग्रामपंचायतीत अर्ज दिला, "खासगी जागा, आपसात मिटवा" असं उत्तर मिळालं. तंटामुक्त समिती बसली, काका आलेच नाहीत. वकील म्हणतात, दिवाणी दाव्यात वर्षं जातील, त्यापेक्षा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं, म्हणजे सीआरपीसीचं, 133; धोकादायक झाड वगैरे हटवायचा आदेश) प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे, जा.

आता माझे प्रश्न. एकाच घराला धोका असेल तर प्रांत अर्ज घेतात का? बाजूच्या पाणंदीने (गावातल्या वाटेने) शाळेची मुलं जातात, त्याने फरक पडेल का? काकांच्या सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत, त्यातले दोघे वारलेले. मग नोटीस कोणाला? आणि आमच्या हद्दीत आलेली फांदी मीच उतरवली तर? केस करून काकांशी कायमचं तोडायचं नाही, पण आईला त्या छपराखाली आणखी एक पावसाळा झोपवायचंही नाही.

प्रतिसाद:
पाणंद आणि मुलं अर्जाच्या पहिल्या ओळीत लिहा. या कलमात शेजारी राहणारे आणि येणारे-जाणारे दोन्ही येतात, पण नुसतं दोन घरांचं भांडण दिसलं तर "दिवाणीत जा" म्हणतात. अकरा नावांची काळजी नको. झाड ज्याच्या मालकीचं किंवा ताब्यात आहे त्याला आदेश निघतो, आणि ताबा काकांचा आहे. झाड काढायचा किंवा त्याला आधार द्यायचा, दोन्ही प्रकारचा आदेश होऊ शकतो. चिरेचे, ढोलीचे फोटो मोजपट्टी लावून काढा आणि तारीख घाला.

आंबा 1964 च्या झाडे तोडण्याबाबतच्या कायद्याच्या यादीत आहे. मुळापासून तोडायला वृक्ष अधिकाऱ्यांची, म्हणजे वनखात्याची, परवानगी हवी. हद्दीत आलेली फांदी तुम्ही छाटू शकता, मात्र गडगा ओलांडू नका, लाकूड काकांना द्या आणि आधी लेखी कळवा. माझा सल्ला: "तोड" हा शब्दच काढू नका. "वरचा भार उतरवू, झाड राहू दे" असं म्हणून पाहा.

धागाकर्ता:
मनापासून आभार. हे मला सुचलंच नव्हतं, आम्ही पहिल्या दिवसापासून तोडण्याचंच बोलत होतो. शनिवारी गावी जातोय. आईला सोबत घेऊन काकांकडे बसतो, दोरावर काम करणारा माणूस आणि मजुरी माझी. अर्जही तयार ठेवतो. मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत फांदी उतरली नाही तर तो प्रांतांकडे जाईल, आणि तसं काकांना मी समोर बसून सांगेन.