शब्दचर्चा : चिनी वैद्यकातला 'झंग' मराठीत कसा लिहावा?

भाषांतरकर्ती

चिनी वनौषधींची ओळख करून देणाऱ्या एका इंग्रजी पुस्तिकेचं मराठी करते आहे. तिच्यात काढे रोगांच्या नावांपुढे दिलेले नाहीत, 'पॅटर्न'पुढे दिले आहेत. मूळ चिनी शब्द 'झंग'. मी आधी 'लक्षणसमूह' लिहिलं. संपादकांना 'सिंड्रोम' हवं आहे. एका मैत्रिणीने 'आकृतिबंध' सुचवलं, पण तो शब्द वाचला की सरकारी कार्यालयातल्या मंजूर पदांचा तक्ता डोळ्यांपुढे येतो. शिवाय 'रक्ताची कमतरता', 'मूत्रपिंडाच्या यिनची कमतरता' अशी वाक्यं पानोपानी आहेत (यिन म्हणजे शरीरातली थंडावा आणि ओलावा राखणारी बाजू), आणि मराठीत त्यांचा भलताच अर्थ लागतो. आयुर्वेदाकडे यासाठी तयार शब्द आहे का?

वैद्य

ताई, 'लक्षणसमूह'ने भागणार नाही. चिनी वैद्यक तीन गोष्टी वेगळ्या धरतं. 'बिंग' म्हणजे रोग. एक 'झंग' म्हणजे सुटं लक्षण : खोकला, ताप, तहान. आणि दुसरा 'झंग', ज्याबद्दल तुम्ही विचारताय. दोन्हींचा उच्चार एकच, अक्षरं वेगळी. या दुसऱ्या झंगच्या अक्षराचा जुना अर्थ पुरावा, साक्ष असा आहे. रुग्णाची तक्रार, जीभ, नाडी, घाम, तहान या सगळ्यांची साक्ष काढून 'या घटकेला शरीरात काय चाललं आहे' याचा केलेला निवाडा म्हणजे झंग. औषध ठरतं ते या निवाड्यावर. 'लक्षणसमूह' म्हटलं की नुसती यादी उरते आणि निवाडा गळून पडतो.

साधं सर्दी-तापाचं उदाहरण घेऊ. झांग झोंगजिंग हा हान काळातला वैद्य, इ.स. २०० च्या सुमाराचा. त्याच्या 'शांग हान लुन' या ग्रंथात तापाच्या सुरुवातीलाच दोन वाटा फुटतात. एका रुग्णाला ताप आहे, वारा सहन होत नाही, अंगाला घाम येतो आहे. नाडी नुसतं बोट टेकवलं तरी लागते, पण सैल आहे. त्याला ग्वेझ थांग : चिनी दालचिनीच्या कोवळ्या काड्या, पांढरं शाओयाओ मूळ, आलं, बोरं आणि भाजलेलं ज्येष्ठमध. दुसऱ्यालाही तापच आहे, पण घामाचा थेंब नाही, अंग ठणकतंय, धाप लागतेय, आणि तशीच वर लागणारी नाडी ताणलेल्या दोरीगत घट्ट आहे. त्याला मा ह्वांग थांग. त्यात मा ह्वांग म्हणजे एफेड्रा, दालचिनीच्या काड्या, जर्दाळूच्या बियांतला गर आणि ज्येष्ठमध. आपण दोघांनाही 'सर्दी-ताप' म्हणून मोकळे होऊ. ग्रंथ मात्र बजावतो, की घाम नसलेल्या आणि घट्ट नाडीच्या माणसाला ग्वेझ थांग देऊ नये.

पुढची कृती तर वाचण्यासारखी आहे. ग्वेझ थांग सात माप पाण्यात मंद आचेवर तीन माप होईपर्यंत आटवायचा आणि त्यातला एक माप प्यायचा. थोड्या वेळाने गरम पातळ पेज प्यायची आणि पांघरूण घेऊन पडायचं. सर्वांगाला हलका ओलावा यावा, घामाच्या धारा लागू नयेत. एका मात्रेत घाम येऊन बरं वाटलं तर उरलेला काढा घेऊ नये. औषध, पेज, पांघरूण आणि थांबण्याची वेळ हे सगळं त्या एका निवाड्यातून निघालेलं आहे.

पुढे छिंग काळात वू जुतोंगने अठराव्या शतकाच्या अखेरीस 'वेन बिंग त्याओ ब्यान' लिहिलं आणि तिसरी वाट ठळक केली. घसा दुखतोय, तहान आहे, थंडी जेमतेम, जिभेचं टोक लाल, नाडी जलद. इथे दालचिनी नाही, यिन छ्याओ सान. मधुमालतीच्या जातीतल्या एका वेलीच्या कळ्या, फोर्सिथियाची फळं, पुदिना वगैरे. हा काढा फार उकळायचा नाही, वास भरभरून सुटला की लगेच घ्यायचा. एकाच 'सर्दी'ला तीन काढे.

उलटही होतं. श्याओ याओ सान हे सोंग काळापासूनचं (दहावं ते तेरावं शतक) चूर्ण. यकृताकडची 'छी', म्हणजे शरीरात वाहणारी प्राणशक्ती, तुंबली आहे आणि पचन मंदावलं आहे, असा निवाडा झाला की ते देतात. रुग्णाची तक्रार पाळीआधीच्या चिडचिडीची असो, बरगड्यांखाली दाटल्यासारखं वाटण्याची असो की भूक मेल्याची असो. 'एका रोगाला वेगळे उपचार, वेगळ्या रोगांना एकच उपचार' हे चिनी वैद्यांच्या तोंडी कायम असलेलं सूत्र ते हेच.

आता शब्द. आयुर्वेदातली 'संप्राप्ती' जवळ येते, पण ती रोग कसकसा घडत गेला ती वाट सांगते. मी 'अवस्था' सुचवतो. ज्वर एकच, पण साम अवस्थेत, म्हणजे न पचलेला आम अंगात असताना, लंघन-पाचन (उपास आणि पचन सुधारणं) आणि निराम झाल्यावर, म्हणजे आम गेल्यावर, शमन, हे आम्ही रोज करतो. चरकाने सूत्रस्थानात म्हटलंच आहे, 'विकारनामाकुशलो न जिह्रीयात् कदाचन'. रोगाचं नाव सांगता आलं नाही म्हणून वैद्याने लाजू नये, कारण सगळ्या विकारांना ठरलेली नावं नसतातच. झंगमागची दृष्टी याच्या फार जवळची आहे. फक्त दोन्ही शास्त्रांची गल्लत होऊ नये म्हणून पहिल्यांदा 'झंग, म्हणजे रुग्णाची त्या वेळची अवस्था' असं लिहा आणि पुढे नुसतं 'अवस्था'.

'सिंड्रोम' नको. जुन्या इंग्रजी पुस्तकांत तो असे, पण त्याने रोगाचंच आणखी एक नाव असल्यासारखं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या अकराव्या रोगवर्गीकरणातही पारंपरिक वैद्यकाच्या प्रकरणात 'विकार' आणि 'पॅटर्न' अशा दोन वेगळ्या याद्या आहेत.

जपानी भाषांतरकार, पुणे

कांपो, म्हणजे चीनमधून जपानात गेलेल्या वैद्यकात, हेच अक्षर 'शो' असं वाचतात. तिकडे काढा आणि शो यांची जोडी इतकी घट्ट आहे, की काढ्याच्याच नावाने अवस्था ओळखतात. 'हा रुग्ण ग्वेझ थांगच्या शोचा' असं म्हणायची पद्धत आहे. म्हणून 'निदान' हा पर्याय कुणी सुचवला तर मी विरोध करेन. निदान म्हटलं की मराठी वाचकाला प्रयोगशाळेतला कागद दिसतो.

हा शब्द नीट निवडला नाही तर काय होतं, त्याचं उदाहरण जपानात आहे. शोसाइकोतो, म्हणजे चिनी श्याओ छायहू थांग. सात द्रव्यांचा काढा. 'शांग हान लुन'मध्ये तो ज्या अवस्थेला दिलाय ती अशी : थंडी आणि ताप आळीपाळीने, बरगड्यांखाली दाटणं, तोंड कडू, अन्नावर वासना नाही, मळमळ. जपानात तो जुनाट यकृतदाहावर, रोगाच्या नावावरून, सर्रास दिला जाऊ लागला. मार्च १९९६ मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाने तातडीचा इशारा दिला, कारण फुप्फुसांच्या एका गंभीर दाहाने हा काढा घेणारे १० रुग्ण दगावले होते. शो न पाहता औषध दिल्याचा हा परिणाम, असं अनेक कांपो वैद्य म्हणाले. शो पाहून दिलं असतं तर एकही मृत्यू झाला नसता, असं मात्र त्यावरून म्हणता येत नाही. काढ्याचा स्वतःचा धोका आहेच, आणि इंटरफेरॉन या यकृतदाहावरच्या औषधाबरोबर तो देऊ नये हे आधीच सांगितलेलं होतं. पुस्तिकेत या दोन्ही बाजू याव्यात असं मला वाटतं.

एक वाचक

दोन हरकती. पहिली, चिनी वैद्यकात रोगाच्या नावावर औषध नसतंच असं चित्र होऊ नये. चौथ्या शतकातल्या ग होंग या चिनी वैद्याने हिवतापासाठी छिंगहाओ ही वनस्पती मूठभर घ्या, दोन माप पाण्यात भिजवा, पिळून रस प्या, असं सरळ रोगावरच लिहिलंय. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना आर्टेमिसिनिन या हिवतापावरच्या औषधाच्या शोधात गार पद्धतीने अर्क काढण्याची दिशा त्याच ओळीतून मिळाली आणि २०१५ चं नोबेल मिळालं. तिथे अवस्था पाहायची गरज पडली नाही.

दुसरी, 'अवस्था' शब्दाला मराठीत आधीच खूप ओझं आहे. 'काय अवस्था करून घेतलीस' म्हणजे दुर्दशा. 'कर्करोगाची दुसरी अवस्था' म्हणजे टप्पा. वाचक झंगला टप्पा समजेल.

वैद्य

पहिली हरकत पूर्ण मान्य. रोगावर थेट लागू पडणारी द्रव्यं दोन्ही परंपरांत आहेत आणि त्यांची किंमत कमी नाही.

दुसरीबद्दल असं, की टप्पा समजला तर निम्मं बरोबरच होईल. 'शांग हान लुन'मध्ये ताप थाययांगकडून यांगमिंगकडे, म्हणजे वरच्या थरातून आतल्या थराकडे, सरकतो, घाम-तहान बदलते आणि काढा बदलतो. झंग आज आहे तो परवा नसतो, हे सांगणारा 'अवस्था'इतका सोपा शब्द मला दिसत नाही. पण कर्करोगाच्या पायऱ्यांसारखा पुढेच जाणारा हा क्रम नाही, म्हणून 'टप्पा' हा शब्द पुस्तिकेत कुठेच वापरू नका. म्हणजे गोंधळ टळेल.

आता ताईंच्या राहिलेल्या वाक्यांकडे. चिनी 'श्यू' आणि 'श' ही जोडी म्हणजे रिकामं आणि भरलेलं. श्यूला 'कमतरता' म्हटलं की 'रक्ताची कमतरता' होते आणि वाचक लोहाच्या गोळ्या आणायला जातो. चिनी अर्थ वेगळा : ओठ फिके, छातीत धडधड, झोप उडालेली, भोवळ, नाडी दोऱ्यासारखी बारीक. यावर सी वू थांग, चार द्रव्यांचा काढा. हिमोग्लोबिन व्यवस्थित असूनही हा निवाडा होऊ शकतो. आयुर्वेदातला 'क्षय' अर्थाने चपखल आहे, पण मराठीत क्षय म्हणजे टीबी, तेव्हा तो बाद. 'क्षीणता' लिहा. 'रक्त क्षीण झाल्याची अवस्था' हे वाचायला जरा लांब आहे, पण घाबरवत नाही आणि फसवतही नाही.

मूत्रपिंडाचं प्रकरण याहून नाजूक. चिनी 'शन'कडे, म्हणजे भाषांतरात ज्याला मूत्रपिंड म्हणतात त्याच्याकडे, वाढ, हाडं, कान, प्रजनन असं बरंच काही सोपवलेलं आहे. ल्यूवेइ दिह्वांग वान ही सहा द्रव्यांची गोळी सोंग काळातल्या छ्यान यी या बालवैद्याची, १११९ च्या ग्रंथातली. टाळू न भरलेल्या मुलांसाठी त्याने ती योजली. आज ती कंबरदुखी, रात्रीचा घाम, कानात आवाज या तक्रारींत, यिन क्षीण असेल तर देतात. तिथे 'मूत्रपिंडाची कमतरता' छापली तर डायलिसिसच्या रांगेतला माणूस ती गोळी शोधत फिरेल. 'शन' हाच शब्द ठेवा आणि मूत्रपिंडाच्या आजाराशी याचा थेट संबंध नाही, हे तिथल्या तिथे सांगा.

'ब्यान झंग लुन झ' या चार अक्षरी सूत्राला मी 'अवस्था पारखून चिकित्सा' म्हणेन. 'ब्यान' म्हणजे वेगळं काढून ओळखणं, तांदूळ निवडताना खडा ओळखतो तसं. पुढच्या दोन अक्षरांत चर्चा आणि उपचार दोन्ही आहेत, आणि मराठीतली 'चिकित्सा'ही दोन्ही अर्थ पोटात घेऊन बसली आहे. 'चिकित्सक माणूस' आपण कीस काढणाऱ्याला म्हणतो आणि चिकित्सा उपचारालाही.

अजून एक. अवस्थेशी काढा 'जुळतो' असं लिहा, 'लागू पडतो' असं नको. लागू पडलं हे आपण गुण आल्यावर म्हणतो. वैद्याने जुळवणं आधीचं आणि गुण येणं नंतरचं. औषधाची पुस्तिका आहे, तिने आधीच गुणाची हमी देता कामा नये.

जपानी भाषांतरकार, पुणे

द्रव्यांच्या नावांबद्दलही काळजी घ्या. ब्रसेल्सच्या एका क्लिनिकमध्ये १९९० च्या सुमारास बारीक होण्याच्या गोळ्यांत 'फांगजी' म्हणून भलतीच वनस्पती गेली. हान फांगजी हवी होती, ग्वांग फांगजी आली. दुसरीत मूत्रपिंडाला घातक असं अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असतं. शंभराहून जास्त बायकांच्या मूत्रपिंडांना गंभीर इजा झाली. नाव अर्धं लिहिल्याने इतकं होऊ शकतं. मा ह्वांगचंही तसंच. तापासाठी सांगितलेलं द्रव्य वजन घटवायला विकलं गेलं, आणि अमेरिकेने २००४ मध्ये एफेड्रा असलेल्या पूरक गोळ्यांवर बंदी घातली.

भाषांतरकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या प्रकरणातलं वाक्य आता असं केलंय : 'चिनी वैद्य रोगाच्या नावाबरोबरच झंग, म्हणजे रुग्णाची त्या वेळची अवस्था, पारखतो आणि त्या अवस्थेशी जुळणारा काढा निवडतो.' 'नावाबरोबरच' हा शब्द वाचकांच्या पहिल्या हरकतीमुळे आला.

एकच विचारायचं राहिलं. ग्वेझ थांगच्या घटकांत इंग्रजीत 'लाल खजूर' आहे. वर सरांनी बोरं म्हटलंय. खजूर घालू की बोरं?

वैद्य

बोरं. चिनी 'दा झाओ' हे बोराच्या कुळातलं फळ आहे, खजुराशी त्याचं काही नातं नाही; तो इंग्रजी नावाचा घोळ आहे. आपल्याकडच्या बोरापेक्षा त्याची जात वेगळी, म्हणून 'चिनी बोर, वाळवलेलं' असं लिहा. आल्याच्या बाबतीत मात्र मराठी तुमच्या मदतीला आहे. चिनीत ओलं 'शंग ज्यांग' आणि वाळलेलं 'गान ज्यांग' ही दोन वेगळी औषधं आहेत, पहिलं घाम आणायला, दुसरं पोटातली थंडी घालवायला. इंग्रजी पुस्तिकेत दोन्हीकडे एकच शब्द असेल, तर प्रत्येक काढ्यात मूळ चिनी नाव पाहून आलं की सुंठ ते ठरवा. ग्वेझ थांगमध्ये आलं.