डब्ल्यू-४ (पगारातून किती कर कापायचा ते कंपनीला सांगणारा अमेरिकेतला फॉर्म) बदलू का? कराचा रिफंड यावा की नको?

न्यू जर्सीत आहोत, दोघंही नोकरी करतो, यंदा ३२०० डॉलर रिफंड आला म्हणून खूश होतो तर मित्र म्हणतो अरे सरकारला बिनव्याजी उधार दिलेस की. पगारातून कमी कापायला सांगू का?

> बरोबर बोलला तो. पण जपून हं, दोघं कमावताय तर स्टेप २ चा बॉक्स (घरात दोन नोकऱ्या आहेत हे सांगणारा) दोघांच्याही फॉर्मवर टिक करावा लागतो, आम्ही विसरलो, कर कमी कापला गेला नि एप्रिलमधे २१०० डॉलर भरले, बायको अजून ऐकवते

> पगारात बराच फरक असेल तर त्याच टिकमुळे जास्त कापतात, तुझा ३२०० चा रिफंड त्यातूनच आला असणार. आयआरएसचा (कर खात्याचा) ऑनलाइन एस्टिमेटर आहे, किती कापायला हवं ते सांगतो, दोघांच्या पे स्टब (पगाराच्या स्लिपा) घेऊन बस

> मला बुवा रिफंडच बरा, हातात आले की उडतात, भारताची तिकिटं त्यातच निघतात. बाकी रिटर्न भरताना कराचं देणं १००० डॉलरच्या आत असेल तर कमी कापल्याबद्दल फेडरलचा (केंद्र सरकारचा) दंड नाही