रेग्युलेटर आणि मास्क ऑनलाइन घ्यावेत की दुकानातून?

प्रश्न: डायव्हिंगचे साहित्य ऑनलाइन बरेच स्वस्त मिळत असताना ते दुकानातूनच घेण्यात काही अर्थ आहे का?

उत्तर १: मास्क तरी चेहऱ्याला लावून पाहूनच घ्यावा. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवून नाकाने हलका श्वास आत घेतल्यावर हात सोडूनही तो जागीच राहिला, तर तो नीट बसतो असे समजावे. ही परीक्षा छायाचित्रावरून होत नाही.

उत्तर २: रेग्युलेटर म्हणजे सिलिंडरमधील हवा श्वास घेण्याजोग्या दाबाने पुरवणारे उपकरण. त्याचा पहिला टप्पा सिलिंडरमधील सुमारे २०० बारचा दाब भोवतालच्या दाबाहून साधारण १० बार अधिक इतका खाली आणतो आणि त्यातील सील कालांतराने झिजतात. त्यामुळे किमतीआधी विक्रेता अधिकृत आहे का, वॉरंटी लागू राहील का आणि देखभाल कोण करील, हे विचारून घ्यावे. येथे काटकसर मला मुळीच पटत नाही.

उत्तर ३: जाळीची पिशवी, राखीव पट्टे खुशाल ऑनलाइन मागवावेत.