रोमन कांस्य नाण्यावर पोपटी भुकटी येत आहे, उपाय सुचवावा

प्रश्न (पवनी तालुका):
नमस्कार मंडळी. नागपूरच्या प्रदर्शनातून मी एक लहान रोमन कांस्य नाणे बिलासह विकत घेतले. त्याच्या मागील बाजूस समोरासमोर उभे दोन सैनिक असून मध्ये एकच ध्वज आहे. पावसाळा लागल्यापासून सम्राटाच्या कानापाशी पोपटी भुकटी दिसते आणि पुसली तरी पुन्हा येते. घरचे म्हणतात, तांब्याच्या गुंडासारखे चिंचेने घासून काढ. तसे करावे का? शिवाय गावातील एका शेतकऱ्याला नांगरणीत काही जाड, काळपट नाणी सापडली आहेत. ती घेता येतील का?

उत्तर १:
भाऊ, चिंच किंवा लिंबू अजिबात लावू नका. आम्लाने शतकानुशतके जमलेला घट्ट, गर्द हिरवा थर निघून जातो आणि त्याबरोबर अक्षरेही पुसट होतात. तो थर नाण्याचे रक्षण करतो. नखाने सुटणारी पोपटी भुकटी मात्र धातूचा रोग आहे. जमिनीतून धातूत शिरलेले क्लोराइड (मिठातला एक घटक) दमट हवेत तांब्याला पोखरत राहते, म्हणून नुसते पुसून भागत नाही. भिंगाखाली बांबूच्या काडीने भुकटी खरवडा, नाणे काही आठवडे डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवून पाणी वरचेवर बदला आणि पूर्ण वाळल्यावर ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डबीत ठेवा.

रोमन सम्राट कॉन्स्टन्टाइनच्या काळात इ.स. ३३० पासून अशा नाण्यांवर दोन ध्वज असत. ३३५ च्या सुमारास वजन घटवले तेव्हा एकच उरला. त्यामुळे तुमचे नाणे ३३५ ते ३४१ या काळातील असावे. सैनिकांच्या पायांखालची अक्षरे टांकसाळ सांगतात. 'सी-ओ-एन-एस' असल्यास ती कॉन्स्टन्टिनोपलची (आजचे इस्तंबूल).

उत्तर २:
शेतातील नाणी कृपया विकत घेऊ नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा असा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. एका बाजूस सोंड उंचावलेला हत्ती आणि दुसऱ्या बाजूस क्रुसाला जोडलेली चार वर्तुळे असतील, तर ती सातवाहनांची पोटीन (तांबे, कथील व शिसे यांचा मिश्रधातू) नाणी असू शकतात. वाशीम जिल्ह्यातील तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये अशा नाण्यांचा मोठा साठा मिळाला. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी त्याचा अभ्यास केला आणि पुराणांत न आढळणारे कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी असे राजे त्यातून उजेडात आले. साठा वाटून विकला गेला असता, तर ही नावे कळलीच नसती. शेतकरीदादांना नाणी न धुता एकत्र ठेवायला सांगा, सापडल्या जागेची खूण करून छायाचित्रे काढा आणि तहसील कार्यालयात अर्ज देताना त्यांच्यासोबत जा.