जागलीसाठी दुर्बीण कोणती घ्यावी? (डुक्कर, रोही, चितळ)

बोरकाठ

नमस्कार मंडळी. वर्ध्याच्या सेलू तालुक्यात बोर व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलाला लागून आमचं वावर आहे. सोयाबीन निघालं, आता तूर फुलावर आहे आणि शेजारच्या पट्ट्यात हरभरा उगवलाय. नाल्याच्या बाजूनं डुकरं येतात, वरच्या धुऱ्याकडून (बांधाकडून) चितळ आणि रोही (नीलगाय). मी आणि बाबा आळीपाळीनं रात्री मचाणावर जागल करतो. हालचाल ऐकू येते, पण कोण आहे आणि नेमकं कुठून शिरतंय हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. दुर्बीण घ्यायची आहे. बजेट दहा-बारा हजार. ऑनलाइन एक ३०×६० 'डे अँड नाइट' नावाची हजार-बाराशेत मिळतेय, लोक चांगली म्हणतात. ती घ्यावी का? की सरळ थर्मलसाठी (अंगाची उष्णता टिपून दाखवणाऱ्या यंत्रासाठी) पैसे साठवावेत?

तुरीचा धुरा (पांढरकवडा)

ती ३०×६० अजिबात घेऊ नका. 'नाइट' हा फक्त खोक्यावरचा शब्द आहे, आत रात्रीचं काहीही नसतं. आकडे कसे वाचायचे ते सांगतो, मग दुकानदार तुम्हाला फसवू शकणार नाही.

८×४२ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर असतो. दुसऱ्या आकड्याला पहिल्यानं भागा: ४२ भागिले ८, सव्वापाच. डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशाचा झोत एवढा रुंद असतो. ३०×६० चे आकडे खरे मानले तरी उत्तर २ येतं. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली पाच ते सात मिलिमीटर उघडते आणि तिच्यात दोनचा झोत, म्हणजे भर संध्याकाळीच काळोख. खिशात मावणाऱ्या १०×२५ चंही तेच, अडीच.

जागलीला खरी कामाची वेळ दिवस बुडल्यावरचा पाऊण तास, पहाटेचा तेवढाच वेळ आणि चांदण्या रात्री. या वेळात ८×४२ सारखी दुसरी नाही. १०×५० चा झोतही पाचचा, पण ती जड आणि दहापट मोठं करताना हाताचा कंपही दहापट मोठा होतो. मचाण हलतं, त्यात आणखी वाईट. शिवाय आठच्या दुर्बिणीत एका नजरेत जास्त वावर मावतं. डुकरांचा कळप शोधताना हे फार महत्त्वाचं, कारण पहिलं एक दिसलं की बाकीची आजूबाजूला असतातच.

अमावास्येच्या रात्री मात्र कुठलीच साधी दुर्बीण दाखवणार नाही. ती असलेला प्रकाश गोळा करते, नसलेला आणू शकत नाही.

दुकानात दोन गोष्टी तपासा. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा आणि मागच्या भिंगातला पांढरा गोल बघा. तो पूर्ण वाटोळा हवा. कडा चौकोनी कापल्यासारख्या दिसल्या तर आतलं प्रिझम (प्रकाश वळवणारा काचेचा ठोकळा) हलक्या काचेचं आहे. चांगल्या काचेवर 'बाक-४' लिहिलेलं असतं. दुसरं, पुढचं भिंग लालभडक चमकत असेल तर तिथेच ठेवून द्या. तो लेप दिसायला भारी, पण संध्याकाळचा प्रकाश खातो. 'फुली मल्टी-कोटेड' (सगळ्या भिंगांवर अनेक थरांचा लेप) लिहिलेली घ्या, तिचं भिंग फिकट हिरवं-जांभळं दिसतं.

वऱ्हाडी गडी (कारंजा लाड)

वरचं सगळं बराबर हाय. मी बॅटरीचं सांगतो.

भाऊ, बॅटरी मारली का चितळाचे डोळे चमकते, रोह्याचे चमकते, बिबट्याचे तं लय दुरून दिसते. पन डुकराचे तसे चमकत नाई. बाकी जनावराच्या डोळ्यात मागं उजेड परतवनारा पडदा असते, डुकराले तो नसतेच. म्हून लोक वावरभर बॅटरी फिरवते, डोळे दिसले नाई का म्हनते काही नाई, अन् डुक्कर तिथंच हरभरा उकरत असते. डोळे नोका शोधू, काळा ढिग हालते का ते पाहा.

दुसरं, पांढरा झोत एकदा मारला का आपलीच नजर जाते. अंधाराची सवय पुन्हा व्हाले वीस-तीस मिनिटं लागते. लाल काच लावाची सोय असलेली बॅटरी घेजा. लाल उजेड डुकराले अन् चितळाले कमी दिसते, आपली नजरही टिकते. लालनं शोधाचं, हाकलाच्या वेळी पांढरा मारायचा.

थर्मलचं माह्या मते आत्ता नोका पाहू. चांगलं यंत्र लाखाच्या घरात जाते. उघड्या हरभऱ्यात ते डुक्कर दाखवते हे खरं, पन दाट तुरीच्या आत उभं असलं तं पानाआडचं त्यालेही दिसत नाई. उन्हाळ्यात जमीन तापलेली असली का गोटे अन् जनावर सारखेच दिसते. तेवढ्या पैशात झटका मशीन (कुंपनाच्या तारेत झटका सोडनारं) अन् तार येते.

नवीन सदस्य

काकांकडे बारा बोर बंदुकीचं लायसन आहे. तिच्यावरच दुर्बीण बसवली तर बघणंही होईल आणि प्रश्नही मिटेल ना?

बफरमधला (मोहर्ली)

नाही, दादा. हे इथेच स्पष्ट बोललेलं बरं.

डुक्कर, रोही, चितळ तिन्ही वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली येतात. पिकाचं नुकसान होतं म्हणून स्वतः गोळी घालता येत नाही; वन विभागाची लेखी परवानगी लागते आणि तिच्या अटी असतात. बंदुकीचं लायसन म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. छऱ्याच्या बंदुकीची कामाची मार चाळीसेक मीटरची, तिला मोठी दुर्बीण लावून मिळवायचं काय?

सगळ्यात मोठी भीती वेगळी आहे. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून ज्याच्याकडे बघाल त्याच्यावर नळी रोखलेली असते. रात्री पलीकडच्या वावरात हालणारं काळं म्हणजे पाणी धरायला निघालेला शेजारीही असू शकतो. बघायचं साधन आणि मारायचं साधन एक करू नये, एवढी विनंती आहे.

तसंच कुंपणात घरची लाइन सोडू नका. त्यानं वाघ मेलेत, माणसं मेलीत. झटका मशीन थांबून थांबून क्षणभराचा झटका देतं, ते वेगळं. व्याघ्र प्रकल्पाच्या भोवतालच्या गावांना सौर कुंपणासाठी श्यामाप्रसाद मुखर्जी जनवन विकास योजनेतून मदत मिळते. तुमचं गाव यादीत आहे का, ते वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. नुकसान झालं तर तीन दिवसांच्या आत अर्ज करा, पंचनाम्यासाठी पिकाचे आणि खुरांचे फोटो सकाळीच काढून ठेवा. डुक्कर माती उकरतं, चितळ शेंडे खुडतं. फोटोत दोन्ही वेगळं कळतं.

आणि डुकरांमागं वाघ येतो हे बोरकाठच्या माणसाला मी सांगायला नको. हाकलायला एकट्यानं खाली उतरू नका.

बोरकाठ

सगळ्यांचे आभार. ३०×६० रद्द. आता निकॉनच्या दोन बघतोय, अक्युलॉन ८×४२ आणि प्रोस्टाफ पी३ ८×४२. बाबा साठीचे आहेत, चष्मा लावतात. एकानं ७×५० सुचवली, झोत सातचा येतो म्हणे.

तुरीचा धुरा

सातचा झोत तुमच्या डोळ्यात मावेल कदाचित, बाबांच्या नाही. वयानुसार बाहुली कमी उघडते, साठीत पाचच्या आसपासच. उरलेला प्रकाश वाया आणि वजन मात्र पूर्ण. ८×४२ दोघांनाही पुरते.

या दोनमध्ये प्रोस्टाफ घ्या. अक्युलॉनची काच त्या किमतीत फार छान आहे, पण ती जलरोधक नाही आणि चष्मा लावून बघणाऱ्याला तिच्यात पूर्ण गोल दिसत नाही. प्रोस्टाफमध्ये नायट्रोजन भरलेला असतो, आतून धुकं धरत नाही. आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे दव किती पडतं ते तुम्ही जाणताच. बाबा बघताना डोळ्याजवळचे रबरी कप खाली करा. उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून आधी त्यांचा नंबर जुळवा आणि तिथे खुणेची रेघ मारून ठेवा, म्हणजे पाळी बदलताना अंधारात चाचपडावं लागणार नाही.

वऱ्हाडी गडी

पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल टाकून ठेवजा, चामड्याच्या पिशवीत नोको. बुरशी भिंगाले लागली का पुसून निघत नाई.