डोक्याला मार आणि रक्ताची टेस्ट: एवढा गाजावाजा कशासाठी?

शंकासुर (धागाकर्ता)

चार महिन्यांपूर्वी माझा धाकटा भाऊ बाइकवरून पडला. हेल्मेट होतं, पण मिनिटभर शुद्ध नव्हती असं मागे बसलेल्या मित्राचं म्हणणं. इमर्जन्सीत नेलं, सीटी काढला, सगळं नॉर्मल आहे म्हणाले आणि चार तासांनी घरी पाठवलं. तेव्हापासून हा पूर्वीचा राहिलेलाच नाही, डोकं ठणकतं, उजेड सहन होत नाही, शब्द आठवत नाहीत, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कुणी जोरात बोललं तरी अंगावर धावून येतो. आयुष्यात कधी आवाज चढवून न बोललेला मुलगा आहे हा.

मग मी वाचायला लागलो आणि जिथेतिथे एकच दिसलं, बायोमार्कर! रक्ताच्या थेंबात मेंदूची इजा कळणार, अमकं प्रोटीन तमकं प्रोटीन. माझं मत स्पष्ट लिहितो, हे सगळं रोग म्हशीला आणि औषध पखालीला यातलं आहे. माणूस किती शुद्धीवर आहे ते मोजायचं ग्लासगो स्केल आलं १९७४ साली, आजही इमर्जन्सीत पहिलं तेच मोजतात. तेव्हापासून लॅबमध्ये उंदरांच्या डोक्यावर वजनं पाडून पाडून यांनी मिळवलं काय, तर एकही औषध नाही. प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन प्राण्यांत जादूसारखं चाललं होतं म्हणे, माणसांवरच्या दोन मोठ्या चाचण्या (एकीत ८८२ पेशंट, दुसरीत ११९५) २०१४ला आल्या आणि दोन्ही फेल. त्याच्याही आधी स्टिरॉइड. वर्षानुवर्षं डोक्याच्या मारात देत होते, मग कुणीतरी नीट मोठी चाचणी केली, १०,००८ पेशंट, २००४ला निकाल, तर दोन आठवड्यांत स्टिरॉइडवाल्यांत २१.१ टक्के दगावले आणि न दिलेल्यांत १७.९. म्हणजे औषधाने माणसं मरत होती. असल्या क्षेत्राने आता नवीन टेस्ट आणलीय म्हणून मी टाळ्या का वाजवू?

काचनळी

लॅबमध्ये काम करते, त्यामुळे पूर्वग्रह आधीच कबूल. भावाबद्दल वाईट वाटलं. पण तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींची भेळ केलीय. औषध शोधणं वेगळं, इजा ओळखणं वेगळं. प्रोजेस्टेरॉन फेल झालं त्याचा राग जीएफएपीवर कशाला?

थोडक्यात सांगते. मेंदूत ॲस्ट्रोसाइट नावाच्या आधार देणाऱ्या पेशी असतात, त्यांच्या सांगाड्यातलं प्रोटीन म्हणजे जीएफएपी. दुसरं यूसीएच-एल१, ते न्यूरॉनमधलं, म्हणजे संदेश नेणाऱ्या पेशींमधलं. मार लागला की पेशी फुटतात, हे बाहेर पडतं आणि थोडंसं रक्तात येतं. २०१८च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि टेस्ट मंजूर करणाऱ्या सरकारी संस्थेने, या दोघांच्या टेस्टला परवानगी दिली. त्यामागच्या अभ्यासात १९५९ लोक होते, त्यातल्या १२५ जणांच्या सीटीत काहीतरी सापडलं आणि टेस्टने त्यातले १२२ पकडले. तीन सुटले. टेस्ट निगेटिव्ह आली ६७१ जणांची, म्हणजे एवढ्यांचा सीटी वाचवता आला असता. याला पखालीचं औषध म्हणायचं?

गणिती

आकडे दिलेत तर पुरते द्या की ताई. १९५९ वजा ६७१ म्हणजे १२८८ जणांची टेस्ट पॉझिटिव्ह आली. त्यातल्या १२२ जणांच्याच सीटीत काही होतं. म्हणजे टेस्ट दहा वेळा ओरडली तर नऊ वेळा सीटीत काहीच नाही. 'काही नाही' असं सांगायला ही टेस्ट बरी आहे, 'आहे' असं सांगायला निरुपयोगी. बातम्यांत मात्र 'रक्ताच्या टेस्टने मेंदूची इजा कळणार' असंच छापतात, आणि तिथेच माझं डोकं फिरतं.

काचनळी

गणित बरोबर. पण ती टेस्ट त्याच कामासाठी आहे हो! सीटी टाळायचा का, एवढा एकच प्रश्न तिला विचारलाय.

रात्रपाळी

इमर्जन्सीत नर्स आहे, रात्री अडीच वाजता कसं असतं ते सांगते. डोक्याला लागलेले सहा जण बसलेत, एकाला उलटी झालीय, एक दारू प्यायलेला आहे आणि त्याचा गोंधळ दारूने आहे की मारामुळे ते देवालाच ठाऊक, एक आजी बाथरूममध्ये पडलीय आणि रक्त पातळ करायची गोळी घेते, आणि सीटी मशीन एकच. मग टेस्ट चांगली की वाईट यापेक्षा ती किती वेळात होते हे मला महत्त्वाचं. २०२१ला हातात मावणाऱ्या मशीनवर करायची सोय झाली पण त्याला प्लाझ्मा लागायचा, म्हणजे रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, वेगळं करा, त्यासाठी माणूस कोण देणार? २०२४ला सरळ नसेतून काढलेल्या रक्तावर चालणारी आली, पंधरा मिनिटांत रिझल्ट. हा फरक पेपरमध्ये एका ओळीचा दिसतो, आमच्यासाठी जमीन अस्मानाचा.

पण एक गोष्ट शंकासुर यांच्या बाजूची. त्या आजीला या टेस्टचा फारसा फायदा नाही, वय वाढलं की जीएफएपी मुळातच जास्त असतं, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांत पॉझिटिव्ह सर्रास येते. आणि रक्त पातळ करायची गोळी असेल तर टेस्ट काहीही म्हणो, आम्ही सीटी काढतोच. म्हणजे ज्यांची सगळ्यात जास्त काळजी वाटते त्यांच्याच बाबतीत तिचा हात आखडतो.

तिरपागडा

सीटी काढून टाका ना सरळ, दोन मिनिटांचं काम, कशाला एवढा ऊहापोह.

रात्रपाळी

तीन वर्षांच्या मुलाला काढून बघा, दोन मिनिटं शांत झोपवून ठेवायला काय लागतं ते. आणि रेडिएशन लहान मुलांना जास्त बाधतं, म्हणून तिथे उगीच सीटी काढत नाहीत.

शंकासुर

इथे सगळे सीटी वाचवायच्या गोष्टी करतायत. माझा मुद्दाच तो आहे! माझ्या भावाचा सीटी झाला. नॉर्मल होता. उद्या ही टेस्ट केली असती आणि निगेटिव्ह आली असती तर अजून एक कागद मिळाला असता, 'तुला काही झालेलं नाही' असं सांगणारा. ऑफिसात आत्ताच विचारतात की रिपोर्ट तर नॉर्मल आहेत मग नक्की काय होतंय. आता त्यात भर, रक्त पण नॉर्मल, म्हणजे हा नाटकीच.

उनाडवारा

हा मुद्दा मात्र जबरी आहे, यावर उत्तर हवंय.

काचनळी

हो, आहे जबरी, आणि मी रात्रभर यावर विचार केला खरं सांगायचं तर. यात गंमत अशी की टेस्टची लायकी मोजली कशावर? सीटीवर. सीटीत दिसलं तेच खरं धरलं. आणि सीटीला काय दिसतं, तर रक्तस्राव, सूज, हाड मोडलेलं. मेंदूतले बारीक धागे, ॲक्सॉन, ते ताणले जाऊन तुटले तर सीटीला बहुतेक वेळा पत्ताच नसतो. म्हणजे गणिती यांनी ज्या नऊ जणांना 'काही नाही' म्हटलं त्यांच्यात खरंच काही नव्हतं, हे कुणी ठरवलं? अमेरिकेतल्याच ट्रॅक-टीबीआय नावाच्या, डोक्याच्या मारावरच्या संशोधन प्रकल्पात असे ४५० लोक घेतले ज्यांचा सीटी नॉर्मल होता, त्यांचा एमआरआय केला तर १२० जणांत इजा सापडली. आणि त्यांचं जीएफएपी बाकीच्यांपेक्षा बरंच जास्त होतं. म्हणजे टेस्ट उगीच ओरडत होती की सीटी झोपला होता, ते बघायला हवं.

गणिती

म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं!

काचनळी

इथे अंगण खरंच वाकडं आहे हो, म्हणून तर म्हणते 😄

गणिती

बरं, मानलं थोडं. पण मग ४५० मधल्या उरलेल्या ३३० जणांचं काय? त्यांचा एमआरआयही नॉर्मल. त्यातही शंकासुर यांच्या भावासारखे असतीलच की, डोकं ठणकणारे, चिडचिड करणारे. मोजपट्टी बदलत बदलत गेलात तर कधीतरी माणसाला विचारावंच लागेल, बाबा रे तुला काय होतंय. आणि ते तर फुकट आहे. तुमचा मार्कर त्रासाशी जुळतो का, नुसता फोटोशी नाही, हा खरा प्रश्न, आणि सौम्य मारात कुणाचा त्रास लांबणार हे एकट्या रक्तावरून सांगणं अजून जमलेलं नाही. आधीची मानसिक तब्येत, झोप, पूर्वी डोक्याला लागलंय का, याही गोष्टी तिथे तेवढ्याच बोलतात.

पीएचडीग्रस्त

उंदरांवर वजनं पाडणाऱ्यांपैकी मी एक, त्यामुळे उशिरा का होईना उत्तर द्यायला आलो. शंकासुर यांचा संताप पटतो, पण औषधं का फेल झाली ते समजून घ्या. उंदराचा मेंदू अर्ध्या ग्रॅमच्या आसपास आणि गुळगुळीत, माणसाचा साधारण १३०० ते १४०० ग्रॅम आणि वळ्यावळ्यांचा. गाडी आपटली की एवढं मोठं गोळाभर वजन कवटीत गरकन फिरतं आणि आतले धागे पिळले जातात, ते अर्ध्या ग्रॅमच्या मेंदूत तसं होतच नाही. आम्ही सगळे एकाच वयाचे, एकाच वंशाचे, बहुतेक नर उंदीर घेतो, भूल देऊन डोक्यावर मार देतो (भुलेचं औषधच थोडं मेंदूला वाचवतं, तो वेगळाच घोळ), प्रत्येकाला त्याच जागी तेवढाच मार, आणि औषध ठरलेल्या मिनिटाला. माणूस येतो तो पासष्ट वर्षांचा, डायबिटीस असलेला, तीन तास उशिरा. मग औषध चालेल कसं?

आणि दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं मला. त्या चाचण्यांमध्ये लोकांना घेतलं ते ग्लासगो स्केल बघून. स्केलवर सात (पूर्ण शुद्धीत असेल तर पंधरा) आलेला एक माणूस कवटीखाली रक्त साचल्यामुळे सातवर असतो, दुसरा धागे तुटल्यामुळे, तिसरा सूज आल्यामुळे. तिघांना एकच औषध. हे म्हणजे ताप आलेल्या सगळ्यांना मलेरियाची गोळी देऊन मग गोळी कुचकामी आहे म्हणण्यासारखं झालं. मार्कर हवेत ते यासाठी, आत नक्की काय मोडलंय त्याप्रमाणे माणसं वेगळी काढायला. २०२५मध्ये बऱ्याच देशांतल्या तज्ज्ञांनी मिळून नवीन वर्गीकरण सुचवलं, त्यात नुसतं माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर न म्हणता लक्षणं, रक्तातले मार्कर, इमेजिंग आणि माणसाची एकूण परिस्थिती असे चार खांब धरलेत. तेव्हा धागाकर्त्याने दोन गोष्टींची भेळ केली असं काचनळी म्हणाल्या ते मला पूर्ण पटत नाही, त्या दोन गोष्टी जोडलेल्याच आहेत, फक्त धागाकर्ता समजतो त्याच्या उलट दिशेने.

शंकासुर

प्रामाणिक प्रतिसाद, आवडला. पण 'वेगळी काढायला हवेत' आणि 'वेगळी काढून औषध चाललं' यात पन्नास वर्षांचं अंतर असू शकतं. झालंय का असं एकदा तरी? मार्कर बघून माणसं निवडली आणि औषध लागू पडलं?

पीएचडीग्रस्त

डोक्याच्या मारात अजून नाही. सरळ सांगतो.

भाबडा_वाचक

अल्झायमरची रक्ताची टेस्ट आलीय ना, मग यात का नाही होणार?

काचनळी

आलीय, मे २०२५मध्ये एफडीएने पी-टाऊ२१७ आणि अमायलॉइड या अल्झायमरशी जोडलेल्या दोन प्रोटीनच्या गुणोत्तराची टेस्ट मान्य केली, पण ५५च्या पुढच्या आणि विसरायचा त्रास सुरू झालेल्या लोकांसाठीच, सहज म्हणून तपासून घ्यायला नाही. शिवाय तिथे आजार वर्षानुवर्षं हळूहळू चालतो, आज सॅम्पल घ्या की पुढच्या महिन्यात, फार फरक नाही. इथे घड्याळ चालू असतं. यूसीएच-एल१ काही तासांत शिखर गाठून उतरायला लागतं, जीएफएपी जास्त टिकतं, न्यूरोफिलामेंट म्हणजे एनएफएल, ॲक्सॉनमधलं प्रोटीन, ते तर दिवस-आठवडे चढत राहतं. जुना मार्कर एस१००बी, जो स्कँडिनेव्हियाच्या २०१३च्या गाइडलाइनमध्ये आहे, तो सहा तासांच्या आतच बघायचा, शिवाय तो चरबीतही असतो त्यामुळे दुसरीकडे हाड मोडलं तरी वाढतो. आणि एनएसई नावाचा एक होता तो तर लाल रक्तपेशींतच भरलेला, सॅम्पल घेताना सुई नीट लागली नाही आणि पेशी फुटल्या की रिझल्ट आकाशात! अशी कितीतरी सॅम्पल मी स्वतः फेकलीयत.

तिरपागडा

म्हणजे नर्सची सुई चुकली की मेंदूला इजा. वा.

रात्रपाळी

नर्सवर घसरू नका हं.

गणिती

मूळ वादावर यायचं तर मी आता साधारण इथे आहे. टेस्ट निगेटिव्ह आली तर रिपोर्टवर 'मेंदूला इजा नाही' असं छापायला बंदी हवी. 'सीटीत दिसेल अशी इजा असण्याची शक्यता फार कमी' एवढंच छापा. वाक्य लांबतं, लांबू दे. शंकासुर यांच्या भावाला ऑफिसात जो त्रास होतोय तो प्रोटीनने दिलेला नाही, त्या 'नॉर्मल' शब्दाने दिलाय.

शंकासुर

याला मात्र सहमत. तरी माझं मत फार बदललेलं नाही. एवढी डोकी, एवढा पैसा सीटी वाचवायला लागतो आणि चार महिने डोकं धरून बसलेल्या माणसाला मात्र विचारायला कुणी नाही.

काचनळी, एक प्रॅक्टिकल प्रश्न. आता चार महिन्यांनी भावाची जीएफएपी टेस्ट करून काही कळेल का?

काचनळी

नाही. ती टेस्ट मार लागल्यापासून २४ तासांच्या आतली आहे, आता निगेटिव्ह आली तर त्याचा काहीच अर्थ नाही, आणि तुम्ही म्हणता तसा अजून एक कागद तेवढा हातात येईल. करू नका. त्यापेक्षा न्यूरॉलॉजिस्टकडे न्या, झोप, डोकेदुखी, डोळ्यांची हालचाल, तोल, मूड असं एकेक तपासून घ्या, यातल्या प्रत्येकावर काही ना काही उपचार आहेत. आणि जाताना त्या मागे बसलेल्या मित्राला सोबत न्या, शुद्ध हरपलेली त्याने पाहिलीय, भावाला ती आठवणार नाही.

रात्रपाळी

+१. आणि अंगावर धावून येतो हे डॉक्टरला स्वतःहून सांगा, घरचे लाजेने तेवढंच गाळतात.